इंटर्नशिपमधला वेळ आणि इंग्लंडची तयारी

रत्नागिरी जिल्ह्यात इंटर्नशिप सुरू असताना प्लॅबसाठी, म्हणजे परदेशी डॉक्टरांना ब्रिटनमध्ये काम करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेसाठी, वेळ कसा काढावा आणि इंग्लंडच्या रुग्णालयात दिवस कसा जातो, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, शुल्क आणि इंग्रजीचे गुण यांची माहिती अधिकृत ठिकाणी मिळेल, म्हणून ती मी देत नाही. मी लिहिते आहे, कारण तुमचा प्रश्न वाचून मला चौदा वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली.

मी तेव्हा किनाऱ्यालगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंगवर होते. सड्यावर गवत कापताना फुरसे चावलेल्या एका आजोबांना संध्याकाळी आणले होते. या सापाच्या विषाने रक्त गोठेनासे होते, म्हणून अशा वेळी काचेच्या कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून रक्त गोठले का ते पाहायचे, हे काम इंटर्नचे असते. मी नळी खिडकीत ठेवली आणि ड्यूटी रूममध्ये जाऊन प्लॅबचे प्रश्न सोडवत बसले. परतले तेव्हा 40 मिनिटे उलटून गेली होती. रक्त गोठलेले दिसले आणि मी केस पेपरवर ‘नॉर्मल’ लिहिले. उशिरा गोठणारे रक्तही इतक्या वेळाने गोठलेले दिसू शकते, हे मला ठाऊक होते, तरी पुन्हा रक्त घेण्याचा मी कंटाळा केला. पहाटे आजोबांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा कुठे एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचे औषध, सुरू झाले. ते वाचले. घरी जाताना त्यांच्या सुनेने मला घरचे उकडे तांदूळ दिले, आणि मी ते घेतले.

मी आता इंग्लंडमध्ये काम करते. इथल्या वॉर्डमध्ये नव्या डॉक्टरचा बराचसा दिवस संगणकासमोर जातो: राउंडमध्ये वरिष्ठ जे सांगतील ते टिपणे, तपासण्या मागवणे, डिस्चार्जची पत्रे लिहिणे. विद्यार्थीही रक्त घेतल्याची किंवा सुई लावल्याची सही मिळावी म्हणून आमच्या मागे तिष्ठत असतात. रुग्णाच्या खाटेपाशी निवांत बसण्याचा जो वेळ तुम्हाला आज मिळतो आहे, तो इथे मागूनही मिळत नाही. प्लॅबचा दुसरा भाग मँचेस्टरला होतो आणि त्यात एकेका प्रसंगासाठी आठ मिनिटे असतात. तेवढ्या वेळात समोरच्याला बोलते कसे करावे, हे मी तिकडे भातलावणीच्या दिवसांत शिकले. तापाने आलेल्या माणसाला कोणत्या मळ्यात उतरला होतात, पायाला जखम होती का, असे विचारत लेप्टोचा, म्हणजे साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, अंदाज बांधावा लागे.

कागदपत्रांविषयी मात्र मला अजून राग आहे. माझ्या प्रमाणपत्रावर केवळ ‘एक वर्ष पूर्ण’ एवढेच होते. इंग्लंडला येण्यासाठी विभागवार तारखा हव्यात म्हटल्यावर एका कचेरीने मला तीन खेपा घालायला लावल्या, आणि तोवर ज्यांच्या सह्या हव्या होत्या त्यांतल्या दोघांची बदली झाली होती. गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मध्ये आणि पासपोर्टवर ते नाहीच, यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले ते वेगळे. प्रत्येक पोस्टिंग संपताच, त्याच आठवड्यात, तारखांसह सही आणि शिक्का घ्या.

एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारले आहे. पहिला हिवाळा जड जातो, पुढे सवय होते. त्यावर अधिक लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

आता वेळेविषयी. ड्यूटीवर पुस्तक नेऊ नका. प्लॅबचा पहिला भाग वर्षातून चार वेळा होतो, तो इंटर्नशिप संपल्यावर दिला तरी फार तर काही महिने मागे पडाल. फुरशाचा रुग्ण आला, तर ती 20 मिनिटे त्याच्याजवळ स्टूल ओढून बसा आणि नळी स्वतः तिरकी करून पाहा. शंका वाटली, तर पुन्हा रक्त घ्या, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. त्या आजोबांच्या घरी मी काय घडले ते कधीच सांगितले नाही, आणि आता ते हयात आहेत की नाहीत, हेही मला माहीत नाही.