‘द सारा जेन ॲडव्हेंचर्स’ पोरकट आहे की मूळ मालिकेहून सरस?

प्रश्न : ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका बघून संपवली. त्यातून निघालेल्या ‘द सारा जेन ॲडव्हेंचर्स’बद्दल मात्र टोकाची मतं ऐकू येतात. कुणी पोरकट म्हणतं, कुणी डोक्यावर घेतं. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्यासोबत बघावी का?

उत्तर :

नक्की बघा. फक्त मुलीला टीव्हीसमोर बसवून तुम्ही आपल्या कामाला लागू नका, तिच्या शेजारीच बसा.

पोरकट म्हणणारे अगदीच चुकीचे नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांनी सुरुवातीचे दोन-चार भाग बघून मालिका सोडलेली असते. त्या भागांत माणसांच्या कातड्यात लपलेले ढेरपोटे हिरवे परग्रहवासी, स्लिदीन, आहेत, आणि ते सतत पादतात. सारा जेनचं यंत्र लिपस्टिकच्या आकाराचं आहे. माळ्यावरच्या भिंतीतून मिस्टर स्मिथ नावाचा संगणक वाजतगाजत बाहेर येतो. मालिका बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीसाठी, सीबीबीसीसाठी बनली होती, त्यामुळे हे सगळं असणारच. माझी खरी तक्रार वेगळी आहे. पेच सुटेनासा झाला की पुष्कळदा हा मिस्टर स्मिथ धावून येतो, आणि तिथे लेखकांनी आळस केलाय असं मला आजही वाटतं.

पण नायिका कोण आहे ते बघा ना! एलिझाबेथ स्लेडनने कालप्रवासी डॉक्टरची सोबतीण सारा जेन पहिल्यांदा साकारली १९७३ साली. १९७६ मध्ये ती ‘डॉक्टर हू’मधून बाहेर पडली, २००६ मध्ये ‘स्कूल रियुनियन’ या भागात परतली आणि २००७ मध्ये तिची स्वतःची मालिका सुरू झाली. तेव्हा स्लेडन ६१ वर्षांच्या होत्या. साठी ओलांडलेली, एकटी राहणारी पत्रकार बाई मुलांच्या साहसमालिकेची नायिका! तिला कुणाची प्रेमळ आजीही केलेलं नाही. लंडनमधल्या ईलिंगच्या त्या घरात ती ल्यूक नावाच्या मुलाला दत्तक घेते आणि आई व्हायला शिकते, तेही चुका करत करत.

मला ही मालिका मनापासून आवडते ती एका कारणासाठी : ती मुलांपासून दुःख लपवत नाही. ‘आय ऑफ द गॉर्गन’ ही कथा घ्या. जग वाचवायला लागणारी माहिती एका म्हाताऱ्या बाईंना ठाऊक आहे, पण त्यांना अल्झायमर झालाय. त्यांचं विसरणं कुठेही हसण्यावारी नेलेलं नाही. सारा जेनच्या शेजारची मुलगी मारिया त्यांच्याजवळ बसते आणि त्यांचं बोलणं ऐकून घेते.

२००८ मधली ‘द टेम्प्टेशन ऑफ सारा जेन स्मिथ’ मी माझ्या भाचीबरोबर बघितली, तेव्हा ती दहा वर्षांची होती. सारा जेन तान्ही असतानाच तिचे आईवडील मोटार अपघातात गेलेले असतात. तिला १९५१ सालात परत जायची वाट सापडते. ती त्यांना वाचवते, आणि त्यापायी आजचं जग उद्ध्वस्त होतं. शेवटी आईवडिलांना सगळं कळतं, तेव्हा ते बाळाला मागे ठेवून, आपण होऊन, त्या गाडीत बसतात. गाडी निघते आणि सारा जेन नुसती बघत राहते. भाचीने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, ‘मावशी, त्यांना माहीत होतं?’ मी म्हटलं, हो. मग बराच वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

‘टॉर्चवुड’ ही त्याच विश्वातली मोठ्यांची मालिका. मीही ती बघितली आहे. तिच्यात रक्तपात आणि शिव्या भरपूर आहेत, पण ‘द कर्स ऑफ क्लाइड लँगर’ या कथेइतकं तिने मला क्वचितच हलवलं. एका शापामुळे ल्यूकचा मित्र क्लाइड याचं नाव कानावर पडताच माणसं त्याच्यावर उलटतात. त्याची सख्खी आईसुद्धा त्याला घराबाहेर काढते. त्याच्यावर रस्त्यावर झोपायची वेळ येते, तिथे त्याला एली नावाची बेघर मुलगी आधार देते. शाप सुटतो, क्लाइड घरी परततो, पण एली मात्र त्याला पुन्हा सापडत नाही. मुलांच्या कार्यक्रमात हा शेवट तसाच ठेवायला धाडस लागतं.

तुमच्या मुलीसाठी एक सूचना. डोळे नसलेला, नुसत्या दातांचा पांढराफटक खलनायक ट्रिकस्टर आणि ‘द डे ऑफ द क्लाउन’मधला विदूषक हे दोघंही खरंच भीतिदायक आहेत. विदूषकांना ती घाबरत असेल तर ती कथा रात्री लावू नका. प्रत्येक कथा साधारण अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन भागांत आहे आणि पहिला भाग ऐन मोक्याच्या ठिकाणी थांबतो, तेव्हा दोन्ही भाग एकाच बैठकीत बघा. सुरुवात ‘स्कूल रियुनियन’पासून करा, मग १ जानेवारी २००७ चा विशेष भाग. स्लिदीनची पहिली कथा कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका, कारण क्लाइड तिथेच येतो.

आणि पाचव्या पर्वात तीनच कथा आहेत, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. एप्रिल २०११ मध्ये स्लेडन कॅन्सरने गेल्या. तोवर चित्रित झालेल्या कथा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दाखवल्या गेल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करून मालिका पुढे रेटली नाही.