इंजिन खोलायच्या आधी काय काय बघून घ्यायचं?

प्रश्न: नमस्कार दादा, माझी २००९ ची अल्टो आहे, पेट्रोल, १ लाख ६० हजार किमी झालेत. मे महिन्यात खंबाटकी घाटात गाडी गरम झाली, काटा पार वर गेला, साईडला घेऊन थंड केली, पाणी टाकलं आणि कशीबशी घरी आणली. तेव्हापासून पिकअप गेलाय, ऑइल कमी होतंय, धूर पण येतो. गॅरेजवाले न बघताच म्हणतात फुल इंजिन बांधावं लागेल, उद्याच गाडी लावा. खरंच लागेल का? (कराड)

उत्तर: नमस्कार. उद्या लावू नका, आठ दिवस थांबलात तरी चालेल, फक्त गाडी चालवू नका. तुमची तक्रार तीन गोष्टींची मिळून आहे आणि त्या तिन्हींचं कारण एकच असेल असं नाही. हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलची पट्टी) गेलं असेल तर वरचं अर्धं काम, पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या असतील तर खालचं पण, आणि नुसते व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली जाऊ न देणारं रबर) कडक झाले असतील तर बरंच स्वस्तात सुटता. खोलल्यावर मात्र कुठून गळत होतं हे कळायचा मार्गच बंद होतो कारण सगळे पार्ट टेबलावर सुटे पडलेले असतात, म्हणून टेस्ट आधी आणि पाना नंतर.

आधी धूर नीट बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी स्टार्ट केल्यावर एकदाच भपकारा येऊन बंद होत असेल, किंवा घाट उतरताना गिअरमध्ये पाय सोडून आलात आणि खाली परत ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागे निळं दिसत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. सतत आणि लोडवर जास्त येत असेल तर रिंगा. पांढरा, दाट, गोडसर वासाचा आणि इंजिन गरम झालं तरी न थांबणारा असेल तर कूलंट जळतंय (थंडीत सकाळी दोन मिनिटं वाफ येते ती सोडून द्या, ती सगळ्यांच्या गाडीला येते). पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतली वाफ आणि गॅस बाहेर ओढणारा) पण काढून साफ करून बघा, तो चोक झाला तरी ऑइल कमी होतं आणि दोष मात्र रिंगांना जातो.

मग कूलंट. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून स्टार्ट करा, बुडबुडे येत राहिले, थांबलेच नाहीत, किंवा झाकण लावून थंड इंजिन स्टार्ट केल्यावर मिनिटभरातच वरचा होजपाईप दगडासारखा टणक झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. यासाठी एक निळं द्रव मिळतं, रेडिएटरच्या तोंडावर त्याची नळी लावतात, गॅस असेल तर ते पिवळं पडतं. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका, पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला ती नुसत्या दमटपणानेही येते, पण डिपस्टिकवरचं ऑइल चहासारखं झालं असेल तर मात्र इंजिन परत चालू करायचंच नाही, पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

आता मुख्य टेस्ट, कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याची. हिच्यासाठी गाडी लांब फिरवायची नाही, जागेवरच इंजिन गरम करा आणि काट्यावर नजर ठेवा. बॅटरी फुल चार्ज पाहिजे, तिन्ही प्लग काढलेले, फ्युएल पंपचा फ्यूज काढलेला, इग्निशनचं कनेक्टर सोडलेलं, आणि एकजण आत बसून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरणार. हे पूर्ण दाबणं लोक विसरतात, मग हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिन पण आजारी दिसतं. प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फने प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा स्ट्रोक द्या आणि आकडा कागदावर लिहा. पेट्रोलला साधारण १५० ते २०० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) आसपास पाहिजे, पण नेमक्या आकड्यापेक्षा तिघांमधला फरक जास्त बोलतो. १७५, १७०, ११० आलं तर तिसऱ्यात गडबड आहे. त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि परत मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंग किंवा बोअर (पिस्टन चालतो ती सिलिंडरची भिंत), कारण ऑइलने तिथली फट तात्पुरती भरली. जागचा हललाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही सारखेच पडलेले असतील तर त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी उडालेली असते, तुमच्यासारख्या गरम झालेल्या गाडीत मी सगळ्यात आधी हेच शोधेन. आणि तिन्ही सारखेच कमी आले तर रिंगांना दोष द्यायच्या आधी टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलाय का ते बघा.

कुणाकडे लीकडाउन टेस्टर (सिलिंडरमधली हवा किती टक्के गळते ते दाखवणारं यंत्र) असेल तर फारच उत्तम. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा, गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला, नाहीतर हवेने क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) फिरतो, आणि क्रँक पुलीवर पाना अडकवून ठेवू नका, हाताला लागतं. एअर फिल्टरकडून फुस्स आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून जोरात आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला क्रॅक. दहा टक्क्यांपर्यंत गळती असली तर इंजिन छान आहे, वीस-पंचवीसच्या वर गेली तर खोलायची वेळ आली.

एक काम अजून करा, जुना ऑइल फिल्टर फेकू नका. हॅकसॉने कापू नका, त्याचाच किस आत पडतो, फिल्टर कटरने उघडा, आतला कागद घडी उलगडून पांढऱ्या कापडावर पसरा आणि उन्हात तिरपा धरून बघा. चमचम दिसली तर खालून लोहचुंबक फिरवा. चिकटलं तर लोखंड, म्हणजे रिंग, बोअर किंवा कॅम. न चिकटणारं चंदेरी असेल तर पिस्टनचं ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा वरचा थर. तांबूस कण दिसले तर बेअरिंग खालच्या थरापर्यंत घासलंय, मग हेड दुरुस्त करून भागणार नाही, क्रँक बाहेर काढावाच लागणार.

हे सगळं झाल्यावर नुसतं हेड उतरवायचं ठरलं तर हेड सरळ लेथवर पाठवू नका. आधी सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्या) घालून बघा, ०.०५ मिमीपेक्षा जास्त जात असेल तरच फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं), आणि एवढं गरम झालेलं ॲल्युमिनियमचं हेड प्रेशर टेस्ट करूनच परत बसवा. बोअर करायची (सिलिंडर कापून मोठा करायची) वेळ आलीच तर आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्या आणि ते मोजून त्याप्रमाणे बोअर करायला सांगा, उलटं करू नका.

प्रश्न: ताई/दादा, जुलैत साचलेल्या पाण्यात माझी डिझेल गाडी बंद पडली. मेकॅनिकने पाणी काढून स्टार्ट करून दिली, पण आता एक सिलिंडर नीट चालत नाही असं वाटतं, थरथरते आणि आवाज पण वेगळाय. इन्शुरन्समध्ये बसेल का? (ठाणे)

उत्तर: बंद पडल्यावर कुणी परत सेल्फ मारला होता का, हे आधी आठवून बघा. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर यायला गेला की सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्यावर) येतो आणि रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडवर पण इंजिन चालतं, म्हणून गाडी सुरू झाली म्हणजे वाचली असं धरू नका. ग्लो प्लग काढून कॉम्प्रेशन घ्या, डिझेलला साधारण ३५० ते ४५० पीएसआय हवं, एकच सिलिंडर लक्षात येण्यासारखं कमी आणि ऑइल टाकूनही वाढत नसेल तर व्हॉल्व्ह आणि गॅस्केटसोबत रॉडचाही संशय घ्या, वाकलेला रॉड आखूड होतो आणि पिस्टन पूर्ण वर येत नाही. मोबाईलला लावायचा बोअर कॅमेरा मिळतो तो आत घाला, कार्बनची रेघ बाकीच्यांपेक्षा खाली दिसेल. खात्री होईपर्यंत गाडी चालवू नका, वाकलेला रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो. साध्या पॉलिसीत असं नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घेतलंय का ते कागदावर बघा, आणि कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत काहीही खोलू देऊ नका.

प्रश्न: गाडी गरम झाली की खालून ठक ठक येतं, मित्र म्हणतो टॅपेट असेल, सेट करून घे. करू का? (नाशिक)

उत्तर: टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज वरून, बारीक टिकटिक असा येतो आणि इंजिनच्या निम्म्या वेगाने वाजतो. तुम्ही म्हणताय खालून, जाड आणि गरम झाल्यावर, ते मला आवडलेलं नाही. रेस देऊन सोडताना वाढत असेल तर बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) समजा. जागेवर चालू असताना एकेका सिलिंडरचं कॉइल कनेक्टर क्षणभर काढा (हायटेन्शन वायर असेल तर उघड्या हाताने धरू नका), ज्याचं काढल्यावर ठोका कमी होईल तो तुमचा सिलिंडर. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावा, गरम इंजिनवर दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय पाहिजे. त्यापेक्षा बरंच कमी आलं तर गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका, टोइंग करून न्या, नाहीतर नुसत्या बेअरिंगवर भागणारं काम क्रँक ग्राइंडिंगपर्यंत जातं.