खिशातली पहिली टॉर्च घेताना

ल्युमेनचा, म्हणजे टॉर्च एकूण किती उजेड देते त्याचा, आकडा पाहून टॉर्च निवडू नका, ही माझी कळकळीची विनंती. १००० ल्युमेन लिहिलेली छोटी टॉर्च काही मिनिटांतच तापते आणि स्वतःहून उजेड कमी करते. रोजच्या वापरात मला बहुतेक वेळा ५ ते १०० ल्युमेन पुरतात.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा असतो तो सर्वांत मंद उजेड. रात्री कोणाची झोप न मोडता पाणी प्यायला उठायचं असेल, तर १ ल्युमेनच्या आसपासचा मोड हवाच. आणि बटण दाबताच टॉर्च त्याच मोडमध्ये सुरू व्हावी. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम झोत आला की मग बराच वेळ धड काही दिसत नाही.

पाकिटावरचा 'रनटाइम' नीट समजून घ्या. एएनएसआय एफएल१ या टॉर्चसाठीच्या अमेरिकी मानकानुसार हा वेळ उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. म्हणजे तितके तास पूर्ण उजेड मिळेल असं नाही.

सेल? सुरुवातीला एए किंवा एएए घ्या, ते कुठेही मिळतात. फक्त अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने आत ठेवू नका, ते गळतात. माझी एक आवडती टॉर्च अशीच गेली, अजून वाईट वाटतं. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल त्यापेक्षा खूपच बरे.

क्लिप घट्ट असावी. बटण खिशात चुकून दाबलं जात असेल, तर लॉक असलेलं मॉडेल बघा.