जागेची रचना आणि आपले वागणे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : इंदूरच्या रामबागेतला वाडा सोडून आम्ही बहुमजली इमारतीत आलो. वर्ष उलटले तरी शेजाऱ्यांशी बोलणे होत नाही. माणसेच बदलली आहेत का?

माणसांना दोष देण्याआधी जिना पाहावा. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीवरील फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अगदी लगतच्या शेजाऱ्याला मित्र म्हणण्याचे प्रमाण ४१ टक्के होते, तर त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये ते १० टक्क्यांवर उतरले. वाड्यात नळ, चौक आणि ओटा यांमुळे न ठरवता गाठी पडत (भांडणेही त्याच नळावर होत, हे विसरू नये). लिफ्टमध्ये मात्र माणूस भेटला तरी थांबायला निमित्त नसते. सोसायटीच्या सभेत तळमजल्यावर, लिफ्टजवळ, दोन बाक मागून घ्यावेत आणि ते रांगेत न मांडता काटकोनात मांडावेत, कारण टेबलाच्या कोपऱ्याशी बसलेली माणसे समोरासमोर बसलेल्यांपेक्षा अधिक बोलतात, असे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांना आढळले होते.

प्रश्न : वडिलांची शस्त्रक्रिया आहे. खिडकीजवळच्या खाटेचा आग्रह धरावा का?

मिळत असेल तर जरूर धरावा, पण खिडकीबाहेर काय दिसते तेही पाहून घ्यावे. संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. नमुना लहान आहे, म्हणून खिडकीला औषध समजू नये.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पाटी लावूनही लोक कचरा टाकतातच. काय करावे?

याचे एक उत्तर आपल्या इंदूरनेच दिलेले आहे. प्लेगने त्रस्त झालेल्या या शहरात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१७ च्या दिवाळीत मिरवणुकीचा रूढ मार्ग बाजूला ठेवला आणि जिथली घरे सर्वाधिक झाडलेली व दुरुस्त असतील, त्या रस्त्यांनी ती जाईल, असे जाहीर केले. कचरा फुकट उचलण्याची सोयही केली. गल्लीकडे कोणी पाहणार आहे, हे कळताच लोकांनी झाडू हाती घेतला. तुमचा कोपरा बहुधा कोणाच्याच दारासमोर येत नसावा. तिथे दिवा लावावा, शक्य झाल्यास सकाळच्या भाजीवाल्याला उभे राहू द्यावे. नवी पाटी त्यानंतर.