आधी मंगळवारी दुपारी जाऊन ये

प्रिय मुली,

नगररचना विभागात तुला जेमतेम वर्ष होतंय आणि नवं क्रीडासंकुल डाउनटाउनमध्ये, म्हणजे शहराच्या मधल्या बाजारभागात असावं की हायवेलगत, याचं टिपण तुझ्याकडे आलं. वाचून फार आनंद झाला. कॅनडाच्या प्रेअरीतल्या, म्हणजे गवताळ सपाट प्रदेशातल्या लहान शहरात एवढा मोठा निर्णय पिढीतून एकदाच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिहायला बसण्याआधी मूस जॉ आणि मेडिसिन हॅट ही प्रेअरीतलीच, अशी संकुलं बांधलेली दोन्ही शहरं बघून ये. मॅचच्या रात्री मात्र जाऊ नकोस. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी, भर दुपारी जा. वेस्टर्न हॉकी लीग ही तरुण खेळाडूंची, बर्फावरच्या हॉकीची स्पर्धा. तिच्या हंगामात प्रत्येक संघाचे ६८ सामने असतात, त्यांतले घरच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर ३४. प्लेऑफ आणि गाण्याचे कार्यक्रम धरले तरी वर्षातले बहुतेक दिवस त्या हजारो खुर्च्या रिकाम्याच असतात. डाउनटाउनमधल्या दुकानदाराला भाडं मात्र बाराही महिने भरावं लागतं.

मूस जॉचं जुनं सिव्हिक सेंटर १९५९चं. मधोमध खाली वाकलेल्या छपरामुळे लोक त्याला ‘क्रश्ड कॅन’ म्हणायचे. २०११ मध्ये त्याच्या जागी नवी इमारत आली ती थेट डाउनटाउनमध्ये, मेन स्ट्रीटपासून चालत काही मिनिटांवर. तेव्हाचं नाव मोझेइक प्लेस, ते पुढे बदललं. तिथे गेल्यावर हॉकीच्या रिंकपेक्षा कर्लिंगची, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवण्याच्या खेळाची बाजू नीट बघ. कर्लिंग खेळणारी माणसं आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येतात आणि खेळ संपला की दोन्ही संघ एकत्र बसून काहीतरी खातात-पितात, ही त्या खेळाची रीतच आहे. डाउनटाउनला खरा आधार अशा नेमाने येणाऱ्या माणसांचा असतो.

याचा अर्थ हॉकीच्या रात्रीचं मोल कमी, असं मी अजिबात म्हणत नाही. १९८४ मध्ये विनिपेगहून मूस जॉला आलेल्या वॉरियर्स संघाने २०२४ च्या मे महिन्यात लीगचं पहिलं विजेतेपद मिळवलं, तेही घरच्या बर्फावर. खेळणारी मुलं सोळा ते वीस वर्षांची. बाहेरगावची मुलं हंगामभर शहरातल्याच कुटुंबांकडे राहतात, त्यांच्याच टेबलावर जेवतात. संघाशी लोकांचं नातं त्यामुळे घरच्यासारखं होतं. आकड्यांच्या तक्त्यात ते दिसणार नाही, तरी टिपणात ते आलंच पाहिजे.

मेडिसिन हॅटची जुनी अरीना, म्हणजे हॉकीचं बंदिस्त स्टेडियम, नदीजवळ होती आणि २०१३ च्या पुरात तिच्यात पाणी शिरलं. २०१५ मध्ये तिथला टायगर्स हा हॉकी संघ शहराच्या कडेला नव्या इमारतीत गेला. ही निवड चूक म्हणून उडवून लावू नकोस. उणे तीस अंशांत शंभर किलोमीटरवरच्या शेतावरून लहान मुलं घेऊन येणाऱ्या माणसाला दाराशी पार्किंग लागतं, आणि त्याची गरज खरी आहे. पण तो गाडीतून उतरतो, मॅच बघतो आणि पुन्हा गाडीत बसतो. वाटेत मेन स्ट्रीट लागतच नाही.

ही शहरं कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या काठाने वाढली. मूस जॉचं स्टेशन मेन स्ट्रीटच्या टोकालाच आहे. आलेला माणूस उतरला की बाजारातच यायचा. १९९० मध्ये या मार्गावरची प्रवासी गाडी बंद झाली, २०१७ मध्ये मूस जॉ ज्या प्रांतात आहे त्या सस्कॅचवानची सरकारी बससेवा गेली आणि पुढच्याच वर्षी पश्चिम कॅनडातून ग्रेहाउंड ही खासगी बससेवाही गेली. डाउनटाउनचं जे हरवलं ते हे, रोजचं येणं-जाणं. एकट्या अरीनाने ते भरून निघेल, असं कुणी सांगितलं तर मानू नकोस. सल्लागाराच्या अहवालातले ‘इतक्या कोटींची उलाढाल’ हे आकडे तर फार सावधपणे वाच. क्रीडा-अर्थशास्त्रातला बहुतेक अभ्यास हेच दाखवतो की घरातला करमणुकीचा पैसा मुख्यतः एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकतो.

माझा कौल डाउनटाउनच्या बाजूने आहे, पण इमारत कशी असेल त्यावर तो अवलंबून आहे. मुख्य दार पार्किंगकडे आणि रस्त्याला लांबच लांब कोरी भिंत, असं झालं तर त्यापेक्षा हायवेच बरा. आत चालण्याचा ट्रॅक हवा. हिवाळ्यात घराबाहेर पाऊल टाकायला घाबरणाऱ्या वृद्धांसाठी त्याहून उपयोगी सोय नाही, आणि ती दिवसाउजेडी भरलेली राहते.

आणखी एक गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. या शहरांत आता फिलिपिन्स, नायजेरिया, पंजाब आणि आपल्या महाराष्ट्रातूनही माणसं येत आहेत. हॉकीचं साहित्य आणि बर्फाचं तासाचं भाडं त्यातल्या कित्येकांना झेपत नाही. त्यांना बास्केटबॉलचं कोर्ट हवंय, हिवाळ्यात छपराखाली क्रिकेटचा सराव करायचाय. जनसुनावणीला ही माणसं येणार नाहीत, कारण त्या वेळी ती शिफ्टवर असतात. तूच त्यांच्याकडे जा. नर्सिंग होममध्ये, गुरुद्वारात, कारखान्याच्या सुट्टीच्या वेळी.

मॅच सातला सुरू होते आणि संपायला साडेनऊ वाजतात. तुमच्या शहरातली शेवटची बस किती वाजता सुटते ते बघ, आणि मसुदा पाठवशील तेव्हा ती वेळ पहिल्याच पानावर लिही.

तुझा,
काका