वाचकांचे प्रश्न : शेसाप्लाना, एक पाय ऑस्ट्रियात

प्रश्न : ऑगस्टमध्ये मुलाकडे झुरिकला जात आहोत. कळसूबाई, हरिश्चंद्रगड नेहमीचे. दोन देशांच्या सीमेवरचा, दोर न लावता चढता येईल असा आल्प्समधला एखादा डोंगर सुचवाल? शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे, तो चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : व्हिसाचं आधी. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत, त्यामुळे ही सीमा ओलांडल्याने तुमचा प्रवेश खर्ची पडत नाही. पासपोर्ट मात्र सोबत हवाच. मोबाइलचं गणित वेगळं आहे : डोंगराच्या धारेवर फोन कधी या देशाचं नेटवर्क पकडतो, कधी त्या, आणि युरोपीय संघातली सगळीच सिमकार्डं स्वित्झर्लंडमध्ये जादा पैशांशिवाय चालतात असं नाही.

डोंगर म्हणाल तर शेसाप्लाना. उंची 2,965 मीटर, रेटिकोन रांगेतलं सर्वांत उंच शिखर. माथ्यावरून सीमा जाते. उत्तरेला ऑस्ट्रियाचं फोरआर्लबेर्ग, दक्षिणेला स्वित्झर्लंडचं ग्राउब्युन्डन. ऑस्ट्रियाच्या बाजूनेच चढा. झुरिक-इन्सब्रुक रेल्वेमार्गावरच्या ब्लूडेन्झला उतरून बसने ब्रांडमार्गे ल्यूनरझे केबलकारपर्यंत जाता येतं. केबलकार 1,970 मीटरवरच्या तलावाशी सोडते, म्हणजे चालायला सुरुवात होते तीच कळसूबाईच्या माथ्याहून तीनशे मीटर वर.

तिथून साधारण 1,000 मीटर चढ. तासाला 300 मीटर धरा, म्हणजे सव्वातीन तास, थांबे वेगळे. वाटेत 2,385 मीटरवर टोटआल्प ह्युट्टे हे विश्रामघर लागतं. पाणी इथेच भरून घ्या. वरचा चुनखडीचा मुलूख पाणी धरत नाही. पुढे घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा उतार, मग कातळाचे छोटे टप्पे, काही ठिकाणी आधाराला पोलादी तार. सह्याद्रीतल्या कातळटप्प्यांची सवय असेल तर चढताना अडणार नाही.

अडतं ते उतरताना. घसाऱ्यावर माणूस भीतीने मागे रेलतो, वजन टाचेच्या मागे जातं आणि पाय सटकतो. गुडघे सैल, वजन पायावर, पावलं आखूड, काठ्या चढापेक्षा थोड्या लांब. खाली कोणी चालत असेल तर थांबा, दगड सुटतात. जुन्या बर्फाचा पट्टा लागला तर कडेला जपून : खडक तापतो, त्यालगतचा बर्फ आतून वितळून पोकळ होतो. सकाळी तोच बर्फ काचेसारखा कडक असतो. टणक तळव्याचे बूट नसतील तर मागे फिरा.

पहिल्या केबलकारने निघा, दुपारी एकच्या आत माथा सोडा. उन्हाळ्यात दुपारनंतर वीज-वादळ जमतं आणि धारेवर लपायला जागा नाही. शेवटची केबलकार हुकली तर ‘ब्योझर ट्रिट’ने, म्हणजे शब्दशः ‘वाईट पावला’ने, आणखी चारशे मीटर उतरावं लागतं. नाव उगाच पडलेलं नाही.

प्रश्न : तिथून स्विस बाजूने खाली उतरता येईल का?

उत्तर : येईल, पण पहिल्याच खेपेला नको. त्या वाटेवर पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या खुणा आहेत. स्वित्झर्लंडमध्ये त्या अवघड अल्पाइन वाटेच्या. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या त्यामानाने सोप्या. खाली 1,908 मीटरवरच्या विश्रामघरापर्यंत हजाराहून जास्त मीटर उतार आहे, आणि एवढं करून तुम्ही केबलकारच्या उलट बाजूला पोहोचता.

मदतीसाठी ऑस्ट्रियात 140, स्वित्झर्लंडमध्ये 1414, दोन्हीकडे 112. रेंज नसेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबून पुन्हा. मिनिटाला तीनदा उत्तर आलं म्हणजे कोणीतरी ऐकलंय. हेलिकॉप्टरचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. प्रवास विम्यात डोंगरातली सुटका धरली आहे का, ते निघण्यापूर्वी वाचून घ्या.