ढोलीचा दिस

पोरी,

काल तू वही मिटलीस आणि "सर, मग लिहू तरी काय?" म्हणून उठून गेलीस. रात्रभर तेच डोक्यात होतं. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये जे घडलं ते एकीकडे 'दंगल', दुसरीकडे 'उठाव', तिसरीकडे 'क्रांती'. यातला कोणता शब्द प्रबंधात घेऊ, हा तुझा प्रश्न. घाई करून राहिलीस तू. आधी विचार, हे नाव ठेवलं कोणी?

इंग्रजांनी बेचाळीसच्या साऱ्या चळवळीला कागदोपत्री 'गडबडी' म्हटलं. गडबड म्हटली की फौज पाठवता येते आणि फौजेने काय केलं हे कोणी विचारत नाही. चिमूरच्या बायांवर अत्याचार झाले, त्यांची चौकशी करा म्हणून गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. सरकारने त्या उपोषणाची बातमीच छापू दिली नाही. शेवटी जानेवारी १९४३ मध्ये वर्तमानपत्रांनाच हरताळ पाळावा लागला.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अल्जेरियातल्या जवळपास आठ वर्षांच्या लढाईला 'युद्ध' म्हणायला फ्रान्सच्या कायद्याला १९९९ साल उजाडलं. तोवर सरकारी भाषेत त्या नुसत्या 'कारवाया' होत्या. दक्षिण कोरियात मे १९८० ला ग्वांगजूमध्ये फौजेने माणसं मारली आणि राज्यकर्त्यांनी त्याला दंगा ठरवलं. आज १८ मे हा तिथला सरकारी स्मृतिदिन आहे. चीनमध्ये तिआनमेन चौकातल्या आंदोलनावर फौज चालून गेली ती तारीख, ४ जून १९८९, इंटरनेटवर लिहू देत नाहीत, म्हणून लोक '३५ मे' लिहू लागले. मे महिन्याचे ३१ आणि वर ४, मोजून पाहा. मग तेही पुसलं गेलं. नाव कोणी ठेवलं आणि कोणाला ठेवू दिलं नाही, एवढं धरून चाल.

आणि 'क्रांती' लिहिलं की आपण सुटलो, असं समजू नकोस. जमावाच्या हातून मेलेले सरकारी नोकर, तीही इथलीच माणसं, त्या शब्दाआड जातात. बायाही जातात. हे मी पुस्तकातून शिकलो नाही.

१९९२ मध्ये पन्नास वर्षं झाली म्हणून आमच्या गावात स्मरणिका निघाली. बायांच्या आठवणी गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. एका आजीकडे गेलो. घराच्या कोपऱ्यात धान साठवायची, शेणानं सारवलेली ढोली. तिच्यावर हात ठेवून ती म्हणाली, "गोरे आले तवा सासूनं मले यात उभं केलं, वरून तनीस टाकली. ढोली रिकामीच होती, आखाडातच धान सरलं होतं. आमच्या घरी त्याले ढोलीचा दिस म्हंतेत." मग शेजारणीबद्दल एकच वाक्य बोलली. शेजारणीला ढोली मिळाली नव्हती.

मी ते वाक्य गाळलं. ढोलीही गाळली आणि 'क्रांतीच्या ज्वाळांत तळपलेल्या वीरांगना' असं लिहिलं. समितीचं म्हणणं होतं, गावाची अब्रू जाईल. माझी नोकरी कायम व्हायची होती, घरात दोन लेकरं होती. पण नुसता घाबरलो होतो असंही नाही. खरंच वाटलं होतं की मी तिचा मान वाढवतोय. आजही अर्धं तसं वाटतं, आणि त्याचाच राग येतो.

नातवाने तिला छापलेलं वाचून दाखवलं. पुढे बाजारात भेटली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मास्तर, यात ढोली कुठं हाय?"

तुझे मार्गदर्शक म्हणतात, बोलीतलं नाव प्रबंधात शोभत नाही. शोभण्याचं काय घेऊन बसलीस! तारीख लिही, गाव लिही, सरकारने दिलेलं नाव लिही, आपल्या पुढाऱ्यांनी दिलेलं लिही, आणि ज्यांच्या दारात ते घडलं त्यांचा शब्द कानामात्रेसकट लिही. शेजारणीच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मात्र तिचं नाव घालायचं नाही. यावर मी ऐकणार नाही.

आजीची सून अजून त्याच घरात राहते. रविवारी सकाळच्या एसटीने ये, मी सोबत येतो. मी ओट्यावर बसीन. आत तू जा.

तुझा,
सर